बदल्याचे पिक्चर टिकले का नाही, कसं तपासायचं

राजेहो, सोयाबीन निघालं की आमच्या इकडं रात्रीले पोट्टे मोबाईलवर पिक्चर लावतात अन दरवेळी तोच वाद, बदल्याचा कोणता पिक्चर भारी. जो तो आपल्या हिरोची बाजू घेते. मी आता वाद घालत नाही, वही घेऊन बसतो. हसा, पण कसं करतो ते पाहा.

पहिले जोडी नीट लावा. वर्दीवाल्याचा पिक्चर वेगळा अन साध्या माणसाचा वेगळा. जंजीर (१९७३) मधल्या इन्स्पेक्टरले हॉलिवूडच्या डेथ विश (१९७४) मधल्या आर्किटेक्टसोबत तोलाल तर बैलाच्या पटात, म्हणजे शर्यतीत, बैलजोडीसोबत ट्रॅक्टर सोडल्यासारखं होईल. त्यापेक्षा डेथ विश अन आपला डोंबिवली फास्ट (२००५) घ्या, बँकेतला माधव आपटे, दोघंही रोज ऑफिसले जाणारी माणसं, तिथं तुलनेले मजा येते.

मग इंटरव्हलले थांबवा अन वहीत एकच ओळ लिहा, मले आत्ता कोणाचा राग आला. पिक्चर संपल्यावर पाहा, मार कोणाले बसला. डेथ विशमधी ज्यांनी हिरोच्या बायकोले मारलं ते शेवटपर्यंत सापडतच नाहीत ना बे! हा गडी भलत्याच लुटारूंले गोळ्या घालत फिरते अन पोलीस त्याले आत टाकायचं सोडून न्यूयॉर्क सोडून जाय म्हणतात. २०१८ च्या रिमेकमधी हिरो डॉक्टर केला अन तो बरोबर एकेकाले शोधून काढते, हिशोब चुकता, पण सकाळी उठून आठवाल तर काही आठवत नाही, जुना मात्र दातात अडकलेल्या सुपारीसारखा खटकत राहते. ज्याच्या कादंबरीवरून तो बनला त्या ब्रायन गारफिल्डलेच पिक्चर पटला नव्हता, त्याले तर असं मारत सुटणं चूक आहे हेच सांगायचं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची दहा मिनिटं सोडू नका. लहानपणी आमच्या गावात शारदेच्या उत्सवाले कलर टीव्ही अन व्हीसीआर भाड्यानं आणला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवला अन अंकुश (१९८६) लावला. चार बेकार पोरं, बाईवर अत्याचार, कोर्टातून आरोपी सुटतात, मग पोरं त्याईले मारतात, आम्ही शिट्ट्या वाजवून वाजवून गळा बसवला अन तेवढ्यात लाईन गेली. वाट पाहून पाहून घरी गेलो. लय वर्षांनी समजलं का शेवटी त्या चौघाईले फाशी होते. म्हणजे इतके वर्ष मी वेगळाच पिक्चर पाह्यला असं समजून चाललो होतो. अन शाळेत रोज हात जोडून म्हणत होतो ती 'इतनी शक्ति हमें देना दाता' याच पिक्चरची, हे तर गुरुजीलेही माहीत नसन.

शोलेचंही तसंच, ठाकूर गब्बरले मारते असा शेवट शूट झाला होता, सेन्सॉरनं बदलवला म्हणून पोलीस येऊन थांबवतात. दोन्ही शेवट पाहायला भेटले तर लागोपाठ पाहा.

फायटिंगले मार्क देऊ नका, ते सगळ्यात लवकर शिळं होते.

बाईचे डायलॉग मात्र मोजा, खरंच मोजा, मोबाईलचं घड्याळ लावून. ज्या बाईपायी एवढा रक्तपात, ती स्वतः किती बोलते? जुने लय पिक्चर इथंच आपटतात, बहीण नाहीतर बायको फक्त हिरोले पेटवायले ठेवलेली. माझ्या वहीत लाडके लाडके पिक्चर या एका रकान्यात पडले, काय करता.

अन कोणासोबत पाहता तेही लिहून ठेवा. १३ ऑगस्ट २००४ ले नागपुरात कस्तुरबा नगरच्या बायाईनं, त्याईले छळणाऱ्या गुंड अक्कू यादवले भर कोर्टात मारलं, त्यावरून २०२१ मधी २०० हल्ला हो आला, रिंकू राजगुरू अन अमोल पालेकर आहेत. तो मी घरी आई अन काकूसोबत पाह्यला. शिट्टी नाही, काही नाही. मारतानाचा सीन गेला तरी काकूच्या हातातल्या शेंगा तशाच. आईनं एवढंच विचारलं, "इतके वर्सं त्या बाया रात्रीच्या झोपल्या कशा असतीन बाप्पा?" तिनं मारण्याबद्दल काहीच विचारलं नाही.

वहीत त्या पिक्चरपुढं अजून जोडीचा रकाना रिकामाच आहे.