मिसिसिपीला जायचं तर गुरुवारी पोहोचा

अमेरिकेच्या दक्षिणेतले लेखक, चित्रकार, ब्लूज संगीत आणि कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल हे सगळं एकाच फेरीत पाहायचं असेल, तर मिसिसिपी राज्याचा उत्तर भाग निवडा. तीन दिवस आणि चारशे मैलांच्या आसपास गाडी, एवढ्यात काम होतं. मात्र वार चुकले की निम्मं हुकतं. शुक्रवारी रात्री मेंफिसला उतरायचं, शनिवारी सामना पाहायचा आणि बाकीचं रविवारवर टाकायचं, असा बेत बरेच जण करतात. रविवारी क्लार्क्सडेलचं ब्लूज म्युझियम बंद, ऑक्सफर्डचं विद्यापीठाचं म्युझियमही बंद. एक दिवस वाढवला तर सोमवारी लेखक फॉकनरच्या ऑक्सफर्डमधल्या घराला कुलूप. म्हणून गुरुवार ऑक्सफर्ड, शुक्रवार डेल्टा (क्लार्क्सडेलचा परिसर), शनिवार पुन्हा ऑक्सफर्ड.

आधी सामना ठरवा, मग विमान. ‘ओल मिस’ म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. त्यांच्या घरच्या सामन्यांच्या तारखा कितीतरी महिने आधी कळतात, पण नेमकी वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि ती कधी बारा, तर कधी सहाच दिवस आधी जाहीर होते. परतीचं विमान त्यामुळे रविवारचंच घ्या. एग बोल, म्हणजे मिसिसिपी स्टेटविरुद्धचा सामना, सम वर्षी ऑक्सफर्डला आणि विषम वर्षी स्टार्कव्हिलला असतो. तो अलीकडे बहुधा थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी होतो, त्यामुळे पहिल्या खेपेला तो नकोच. सप्टेंबरात दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचं तिकीट स्वस्तात मिळतं, पण ऊन नागपूरची आठवण करून देतं. ऑक्टोबर उत्तम.

सामन्याच्या शनिवार-रविवारी ऑक्सफर्डमधली हॉटेलं परवडत नाहीत, आणि बरीचशी दोन रात्रींखाली खोलीच देत नाहीत. गुरुवार आणि शनिवारच्या रात्री पंचवीस मैलांवरच्या बेट्सव्हिलला काढा. ऑक्सफर्ड ते क्लार्क्सडेल रस्त्यावरच ते गाव आहे. शुक्रवारी मुक्काम क्लार्क्सडेललाच करा.

गुरुवारी मेंफिसहून दीड तासात ऑक्सफर्ड येतं. सुरुवात विद्यापीठाच्या म्युझियमपासून करा. तिथे प्रवेश मोफत आहे आणि थिओरा हॅम्ब्लेटची (१८९५–१९७७) चित्रं मोठ्या संख्येने आहेत. बाई शाळेत शिकवायच्या. चित्रकला हाती घेतली ती उतारवयाकडे झुकताना, आणि रंगवली ती मुलांचे खेळ, स्वप्नं आणि झाडं. झाडाजवळ जाऊन पाहा, एकेक पान ब्रशच्या वेगळ्या ठिपक्याने उतरवलेलं दिसेल. म्युझियमच्या मागून बेलीज वूड्स नावाची पायवाट निघते. रमतगमत वीस मिनिटांत ती थेट रोवन ओकला, म्हणजे फॉकनरच्या घरी, नेऊन सोडते. गाडी हलवायची गरज नाही. पाऊस झाला असेल तर चिखलासाठी बूट हवेत.

विल्यम फॉकनर (१८९७–१९६२) यांनी हे घर १९३० साली घेतलं. खोल्या दारातूनच बघायच्या असतात, त्यामुळे कुठे थांबायचं ते माहीत असलेलं बरं. अभ्यासिकेच्या भिंतीवर त्यांनी ‘अ फेबल’ कादंबरीचा आराखडा वारांनुसार, पेन्सिलने आणि लाल खडूसारख्या पेन्सिलने लिहून ठेवला आहे. टेलिफोनच्या वर भिंतीवरच नंबर खरडलेले आहेत. आणि वर पत्नीच्या खोलीत खिडकीचा एसी. फॉकनरना एसी नको असायचा, आणि त्यांच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी तो बसवला गेला, असं सांगतात.

संध्याकाळी गावच्या चौकात या. मधोमध कोर्टाची इमारत, सभोवती दुकानं. त्यातलं ‘स्क्वेअर बुक्स’ १९७९ पासूनचं, वरच्या मजल्याला गॅलरी आहे. गुरुवारचा आग्रह खरं तर ‘थॅकर माउंटन रेडिओ’साठी आहे. लेखकाचं वाचन आणि बँडचं गाणं एकाच कार्यक्रमात, श्रोत्यांसमोर आणि फुकट. तो शरद आणि वसंत हंगामातच होतो आणि जागा बदलते, म्हणून आठवडाभर आधी पाहून ठेवा आणि अर्धा तास आधी खुर्ची धरा.

शुक्रवारी पश्चिमेकडे निघालात की टेकड्या संपतात आणि जमीन ताटासारखी सपाट होते. हा डेल्टा म्हणजे नदीच्या मुखाशी असतो तो त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू नद्यांमधलं हे पूरमैदान आहे. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके उडत असतात. यादवी युद्धात इथला कापूस अडला, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होता.

क्लार्क्सडेलचं डेल्टा ब्लूज म्युझियम जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत आहे. ब्लूज गायक मडी वॉटर्स ज्या लाकडी झोपडीत राहायचा, तिचा सांगाडाच आत ठेवला आहे. १९४१ साली लोकसंगीताचा संग्राहक अॅलन लोमॅक्स त्याचं गाणं ध्वनिमुद्रित करायला आला, तो स्टोव्हल मळ्यावरच्या याच झोपडीत. दोन तास द्या. गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने सैतानाशी सौदा केला अशी दंतकथा जिथली सांगतात, त्या ६१ आणि ४९ रस्त्यांच्या चौकातल्या गिटारींपाशी फोटो काढायला पाच मिनिटं पुरेत. मूळ रस्ते तिथून जातच नव्हते. त्यापेक्षा दक्षिणेला साठ मैलांवर इंडियनोलाचं ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांचं म्युझियम गाठा. त्यांची समाधीही तिथेच आहे.

रात्री ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे ब्लूज चालणाऱ्या छोट्या बारमध्ये, रोख पैसे लागतात. प्रवेशाला एक नोट आणि गाणाऱ्यासमोरच्या बादलीत टाकायला पाच-पाचच्या चार-सहा नोटा ठेवा. गाणं चालू असताना मोठ्याने गप्पा मारू नका. जागा एवढी लहान असते की गाणाऱ्याला तुमचा शब्दन् शब्द ऐकू जातो.

शाकाहारी असाल तर इथे फसाल. पालेभाजी आणि उसळीसारखे शिजवलेले बीन्स बहुतेकदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजतात. ‘मीट आहे का’ विचारलं तर नाही म्हणतील, कारण तो तुकडा त्यांच्या लेखी मसाला आहे. ‘पोर्क घालून शिजवलंय का’ असंच विचारा. तमाले, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून शिजवलेले रोल, तर मांसाचेच. तळलेली भेंडी चालेल, पण तेल कोंबडी तळलेलंच असू शकतं. पिमेंटो चीजचं, म्हणजे लाल मिरची घातलेल्या चीजचं, सँडविच सगळ्यात बिनधोक.

शनिवारी सामन्याच्या किमान पाच तास आधी ऑक्सफर्डला पोहोचा. कॅम्पसमधलं पार्किंग पासवाल्यांचं असतं, तेव्हा गावाबाहेर गाडी लावून बस धरा. ‘ग्रोव्ह’ म्हणजे कॅम्पसमधली दहा एकरांची राई. तिथे तंबूंखाली झुंबरं आणि चांदीच्या ताटांत तळलेली कोंबडी दिसेल. फिरायला तिकीट लागत नाही. मुलगे टाय-ब्लेझरमध्ये, मुली झग्यांत, त्यामुळे मळकी जीन्स नको. चूल आणि गॅसला मनाई असल्याने सगळं खाणं थंडच असतं. कोणी तंबूत बोलावलं तर कोथिंबीर वडी न्या, थंडही छान लागते. खेळाडू सामन्याच्या साधारण दोन तास आधी राईतून चालत जातात, ती वाट आधीच धरून ठेवा.

गर्दी वाढण्यापूर्वी लायसियम इमारतीच्या मागे जेम्स मेरेडिथ यांचा पुतळा पाहून या. १९६२ साली या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून इथे दंगल झाली, दोघांचा जीव गेला. झुंबरांपासून हे अंतर चालत काही मिनिटांचंच आहे.

स्टेडियमला पारदर्शक पिशवी, १२×६×१२ इंचांपर्यंतची. तळहाताहून मोठी साधी पर्स फाटकावरून परत पाठवतात. नियम एवढा पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर पुन्हा चार मिळतात. घड्याळावर साठ मिनिटं, प्रत्यक्षात साडेतीन तास. संपल्यावर लगेच गाडीकडे धावू नका, तासभर राईतच बसा. वाहनं हलायला तेवढा वेळ लागतोच. पुढे कधी कॅम्पसमध्ये गाडी घेऊन शिरलात तर काट्याकडे लक्ष असू द्या. तिथली वेगमर्यादा ताशी १८ मैल आहे, कारण इथला जुना नामवंत खेळाडू आर्ची मॅनिंगच्या जर्सीवर १८ हा आकडा होता.