म्युझिक प्लेअर नीट वाजत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

आईच्या छोट्या एमपीथ्री प्लेअरवर अभंग लावला की टाळ आणि तबला ऐकू यायचा, पण गाणाऱ्याचा आवाजच गायब. तिला वाटलं, मी गाणी चुकीची भरली. मी अख्खं मेमरी कार्ड पुसून पुन्हा भरलं. संध्याकाळ गेली, फरक काहीच नाही. मग हेडफोनची पिन जरा फिरवून दाबली, ती ‘टक्’ करून आत बसली आणि बुवांचा आवाज परत आला.

पिन न बघता गाण्यांना दोष देणं, ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. डाव्या-उजव्या दोन्ही कानांची ग्राउंड वायर, म्हणजे परतीची तार, एकच असते. ती सुटली की दोन्ही बाजूंच्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्हींकडे सारखाच असतो, त्यामुळे नेमका तोच कटतो. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. जुन्या सॉकेटमध्ये अशी पिन कधी कधी नीट जुळत नाही. माइकचं बटण दाबून धरल्यावर आवाज सुधारला, तर दोष पिन न जुळण्याचाच आहे. दोन रेघांचा साधा हेडफोन लावून बघा. सॉकेटमध्ये खिशातला कापूस अडकला असेल तर प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई घालू नका.

दुसरी चूक कार्डाची. ‘कार्ड एरर’ दिसलं की लगेच फॉरमॅट मारू नका. कार्ड आधी कॉम्प्युटरला लावा, गाणी दिसत असतील तर कॉपी करून घ्या. पुष्कळ जुने प्लेअर ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं घेतात. ६४ जीबीचं नवं कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतं आणि ते त्यांना वाचता येत नाही. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर काही प्लेअर चालतात, पण खात्रीचा मार्ग म्हणजे ३२ जीबीचं कार्ड. सुरुवातीची गाणी छान वाजतात आणि पुढची मध्येच तुटतात, असं होत असेल तर कार्ड बनावट असण्याची दाट शक्यता आहे. वर ६४ छापलेलं असतं, आत जागा ८ जीबीचीच असते. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर रिकामं कार्ड पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतं. आणि ‘इजेक्ट’ न करता कार्ड उपटायची सवय असेल तर ती आजच सोडा. चांगली कार्डंही त्याने करप्ट होऊ शकतात.

एमफोरए हा गाण्याच्या फाइलचा वेगळा प्रकार आहे. फाइलच्या नावाच्या शेवटचं ‘एमफोरए’ खोडून ‘एमपीथ्री’ लिहिल्याने गाणं बदलत नाही, ते कन्व्हर्टच करावं लागतं. गाण्यांच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी लॉक असतात, ती प्लेअरमध्ये वाजणार नाहीत.

हरिपाठ क्रमाने लागला नाही तर आईला चालत नाही. बरेच स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे नाही, तर ज्या क्रमाने फाइल कार्डावर गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून ०१, ०२ असे आकडे टाकून एकेक फोल्डर त्याच क्रमाने कॉपी करा. मॅकवरून भरलंत तर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या बारक्या फाइलही सोबत जातात. प्लेअर त्यांनाच गाणी समजून अडखळतो. त्या पुसून टाका. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची नावं, यूटीएफ-१६ या अक्षर-पद्धतीत सेव्ह करा. चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही, तिथे रोमन नावं द्यावी लागतील.

प्लेअर हँग झाला तर पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, बरेच प्लेअर त्याने पुन्हा सुरू होतात. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेला प्लेअर चार्जिंगला लावून निदान अर्धा तास थांबा, मगच मेला म्हणा. मागची बाजू फुगलेली दिसली तर मात्र चार्जर लावूच नका. बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.