४के प्लेअर: डिस्क आणि स्ट्रीमिंगच्या गोंधळात या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक दुकानातच होते. खोक्यावर ‘४के’ छापलेलं दिसलं की यात ४के डिस्क चालणार असं गृहीत धरलं जातं. ‘४के अपस्केलिंग’ लिहिलेला प्लेअर फक्त साधी ब्लू-रे वाचतो आणि तेच १०८०पी (फुल एचडी) चित्र ताणून पाठवतो. त्यामुळे ठाण्यात गोखले रोडवर घ्या नाहीतर वाशीत, खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’चं (म्हणजे ४के डिस्कचं) चिन्ह आहे का ते आधी बघा. प्लेस्टेशन ४ प्रो हा गेम कन्सोल ४के डिस्क वाचत नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स वाचतात, मात्र दोन्हींवर डिस्कमधलं डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक जुळवलेलं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंगांचा मोठा पल्ला) मिळत नाही, साधं एचडीआर१०च मिळतं.

उलटी चूकही होते. नेटफ्लिक्ससाठी स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेतला आणि त्याला वाइडवाइन एल१ (कॉपीपासून संरक्षणाचं) प्रमाणपत्र नसलं, तर टीव्ही कितीही मोठा असो, चित्र एसडीच (जुन्या टीव्हीसारखं कमी स्पष्ट) येतं. मग इंटरनेट कनेक्शन त्याचा दोष नसताना बदललं जातं.

परदेशातून डिस्क मागवताना

४के डिस्कला रिजन कोड (ती कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारी खूण) नसतो, ती कुठल्याही देशातली चालते. पण त्याच डबीत बऱ्याचदा साधी ब्लू-रेही असते, आणि तिला असू शकतो. अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. एक डिस्क चालली आणि दुसरी नाकारली, तर प्लेअर बिघडलेला नाही. प्लेअरच अमेरिकेतून आणला असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावाच लागतो.

‘स्ट्रीमिंगवर ॲटमॉस येतं, डिस्कवर येत नाही’

ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते, आणि कारण साधं आहे. ॲटमॉस म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा डॉल्बीचा आवाज. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या हलक्या ध्वनी-स्वरूपात बसवलेलं असतं. ते ७६८ केबीपीएसपर्यंतचं असतं, साध्या एआरसीमधूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारकडे परत पाठवणारी सोय) जातं. डिस्कवरचं ॲटमॉस बहुधा डॉल्बीच्याच ट्रूएचडी स्वरूपात असतं. ते दाबून लहान केलेलं असलं तरी मूळ ध्वनी पूर्ण राखतं, म्हणून जड असतं. एआरसी किंवा ऑप्टिकल वायरमधून ते जात नाही.

आधी जोडणी बघा. प्लेअर थेट एव्ही रिसीव्हरला (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) किंवा साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला जोडा आणि तिथून टीव्हीला. प्लेअर टीव्हीलाच जोडायचा असेल, तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे ईएआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) हवं, आणि ते दोन्हींच्या मेनूत चालू केलेलं हवं. मग प्लेअरच्या ऑडिओ मेनूत आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) करा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. हा पर्याय चालू राहिला की प्लेअर मूळ आवाज उलगडून त्यात मेनूचे आवाज मिसळतो आणि ॲटमॉस वाटेतच हरवतं. रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ उमटलं की जमलं.

चित्र फिकट किंवा पडदा काळा

टीव्हीच्या प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळी सेटिंग असते. ‘डीप कलर’, ‘एन्हान्स्ड’, ‘इनपुट सिग्नल प्लस’ अशी नावं कंपनीनुसार बदलतात. प्लेअर ज्या पोर्टला आहे तिथे ते चालू करा, नाहीतर एचडीआर येतच नाही. दर काही मिनिटांनी चित्र जात असेल तर केबलवर शंका घ्या. १८ जीबीपीएसची ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल लावा, २ मीटरच्या आत असेल तर बरं. मधला रिसीव्हर जुना असून त्यात एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी प्रणाली) नसेल, तर ४के चित्र पुढे जाणारच नाही. अशा वेळी दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर उपयोगी पडतो: एकातून चित्र थेट टीव्हीला, दुसऱ्यातून आवाज रिसीव्हरला.

आकड्यांचा गैरसमज

४के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ एमबीपीएसवर चालतं. १५ने दोन तासांच्या चित्रपटाला १३.५ जीबी लागतात. ४के डिस्क मात्र बहुधा ६६ किंवा १०० जीबीची असते. फरक अंधाऱ्या दृश्यांत, धुक्यात, पाण्यात दिसतो. पण ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघणाऱ्याने डिस्कवर खर्च करण्याआधी साउंडबार सुधारावा.

डिस्कएवढ्या मोठ्या फाइली टीव्हीच्या लॅन पोर्टमधून चालवल्या की अडखळतात, कारण बहुतेक टीव्हींचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ काँक्रीटच्या दोन भिंतींनंतर ढेपाळतं. फाइल यूएसबी ड्राइव्हवरून थेट चालवा. ड्राइव्हचं फॉरमॅट एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सएफएटी करा.

पावसाळ्यात

खाडीकाठच्या दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते. डिस्क चालताना अडखळली की मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. एसी बंद करून खिडक्या उघडल्या की लेन्सवर दव धरतं. डिस्क काढून प्लेअर तासभर नुसता चालू ठेवा. १०० जीबीची डिस्क दरवेळी त्याच जागी थांबत असेल, तर आधी प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, मग दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. तिथेही तसंच झालं तर डिस्क बदलून मागा.