सांगलीत इमारतीचे डिझाइन करताना काँक्रीट कसे वाचवावे

काँक्रीट आणि सळई किती लागणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आकडेमोडीतच ठरत असल्यामुळे पर्यावरणाची काळजी त्याने इतरांवर सोपवू नये. आर्किटेक्टबरोबरच्या पहिल्याच बैठकीत कॉलमच्या जागा ठरवाव्यात. स्पॅन, म्हणजे दोन कॉलममधले अंतर, कमी झाल्याने स्लॅब 150 ऐवजी 125 मिलिमीटरचा पुरला, तर 100 चौरस मीटरमागे अडीच घनमीटर काँक्रीट वाचते.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अंदाजाने पाया वाढवण्याऐवजी माती परीक्षण करून अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या आणि तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, पर्याय तपासावा.

सिमेंट शक्यतो फ्लाय ॲशचे (कोळशाची बारीक राख मिसळलेले), म्हणजे पीपीसी, घ्यावे. त्याची ताकद सावकाश वाढते, त्यामुळे आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस पाणी मारणे आवश्यक आहे, आणि हे ड्रॉइंगवरच ठळक लिहावे. एप्रिलच्या दुपारी कॉलमवरचे गोणपाट कोरडे खडखडीत झालेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि दरवेळी जीव हळहळतो.

कृष्णेचे 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या या शहरात सळईवरील कव्हरमध्ये, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटच्या थरात, मात्र काटकसर करू नये, कारण सळई गंजून लवकर पाडावी लागलेली इमारत वाचवलेले सारे सिमेंट परत मागते.