गोफर, आर्ची, यूजनेट: जुन्या इंटरनेटवर फिरताना या चुका टाळा

वेबच्या आधीचं इंटरनेट मेलं, असं समजू नका. मेनूंमधून माहितीकडे नेणाऱ्या गोफरचे सर्व्हर अजून चालतात, यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर अजून कडाक्याची भांडणं होतात. हौसेनं तिकडे गेलेली मंडळी मात्र दहा मिनिटांत 'काहीच सापडत नाही' म्हणत परततात. कारण गूगलची सवय. ही जुनी अवजारं तुमचा प्रश्न समजून घेत नाहीत. त्यांना नाव आणि ठिकाण लागतं.

आर्चीचंच घ्या. १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटाज यांनी ते बनवलं आणि आज सगळे त्याला 'पहिलं सर्च इंजिन' म्हणतात. ते वाचून लोक त्याच्या जतन केलेल्या प्रतींत अख्खं वाक्य टाकतात. आर्चीकडे असायची ती सार्वजनिक एफटीपी (म्हणजे फायलींची ने-आण करण्याची जुनी पद्धत) सर्व्हरांवरच्या फायलींच्या नावांची यादी. फायलीत काय लिहिलंय याचा त्याला पत्ताच नसे. १९९२ मध्ये नेवाडा विद्यापीठात गोफरसाठी बनलेली व्हेरॉनिकाही मेनूतली शीर्षकंच चाळायची. तेव्हा एकच शब्द द्या आणि तो शीर्षकात येईल असा द्या. गोफरवर आजही चालणाऱ्या व्हेरॉनिका-२ ला हेच लागू.

गोफरचा पत्ता क्रोममध्ये टाकून वाट बघत बसू नका. फायरफॉक्सनंही २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीत गोफरचा आधार काढला. लिंक्स किंवा लाग्रांज हा ब्राउझर घ्या. पत्ता हातानं लिहिताना सर्व्हरच्या नावानंतरच्या तिरक्या रेघेपुढचा आकडा गाळू नका: ० म्हणजे साधा मजकूर, १ म्हणजे मेनू, ७ म्हणजे शोध. तो गाळलात तर वाटेचं पहिलं अक्षरच प्रकार म्हणून वाचलं जातं आणि समोर येते ती एरर. नव्या माणसाची निम्मी रडारड इथली असते.

आता एफटीपी. हिच्यात मी स्वतः पोळलोय. १९९८ साली घरच्या डायल-अपवरून विंडोजच्या काळ्या कमांड-खिडकीतून एक झिप फाइल उतरवली. दोन तास फोन एंगेज, आत्याचा फोन लागेना म्हणून आईची कटकट वेगळी. शेवटी फाइल आली आणि उघडेचना. मी सर्व्हरला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास, पुन्हा तेच. मग सहज आकार ताडून पाहिला, तर माझी फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी! उतरवताना फाइल वाढेल कशी?

त्याचं असं, की एफटीपीला दोन पद्धती: मजकुराची आस्की आणि बाकी सगळ्याची बायनरी. युनिक्सवर ओळ संपल्याची खूण एक बाइटची, विंडोजवर दोन. आस्कीत ही खूण आपोआप बदलली जाते. पण झिपमध्ये ओळी कुठल्या? तिथे १० या मूल्याचा बाइट दिसला, की बिचारा प्रोग्राम त्याच्या आधी १३ चिकटवून मोकळा. विंडोजची एफटीपीची आज्ञा सुरू होते तीच आस्कीत. म्हणून लॉगिन झालं की आधी 'बायनरी' टाइप करा, मग फाइल मागा. फाइल थोडीशी फुगलेली दिसली तर दुसरं कारण शोधत बसू नका.

यूजनेटसाठी गूगल ग्रुप्स उघडणं ही आता चूकच. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजनेटवरचं नवं काही येत नाही, जुनं तेवढं वाचता येतं. थंडरबर्ड हा प्रोग्राम घ्या आणि इटर्नल सप्टेंबरसारख्या सर्व्हरवर फुकट खातं काढा. पोर्ट ११९ ऐवजी सुरक्षित जोडणीचं ५६३ ठेवा, म्हणजे पासवर्ड उघडा जाणार नाही. पैसे भरून घ्यायच्या सेवा मुख्यतः मोठ्या फायलींसाठी असतात, नुसत्या गप्पांना त्यांची गरज नाही. पहिल्याच दिवशी पाच गटांत एकच प्रश्न टाकू नका. आधी चार दिवस नुसतं वाचा. 'इटर्नल सप्टेंबर' या नावातच टोमणा आहे: दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांतली नवी पोरं यूजनेटवर गोंधळ घालायची आणि महिन्याभरात रुळायची. १९९३ नंतर बाहेरून असा लोंढा आला की तो सप्टेंबर संपलाच नाही.

आयआरसी या जुन्या चॅटवर 'हॅलो, कुणी आहे का?' विचारून दोन मिनिटांत निघून जाऊ नका. थेट प्रश्न टाका, खिडकी उघडी ठेवा, जेवून या.

शेवटची चूक खास आपली. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या गटातलं जुनं लिखाण देवनागरीत शोधलं तर हाती भोपळा येईल. तिथे मराठी चालायची ती रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या मर्जीनं. 'माझा' कुणी जेएच घालून लिही, कुणी झेड घालून, कुणी एक ए तर कुणी दोन. आयट्रान्स ही रोमन लिपीत लिहायची ठरीव पद्धत वापरणारे 'ळ'साठी कॅपिटल एल वापरत, बाकीच्यांचा साधाच. मी अशा वेळी कागदावर शब्दाची पाच-सहा स्पेलिंगं आधी मांडून घेतो आणि एकेक करून टाकतो. 'ज्ञानेश्वर' शोधताना डी-एन-वायनं सुरुवात करा, मग जी-वाय, मग जे-एन.