भात की नाचणी: हिशेब मांडताना या चुका टाळा

क्विंटलचा भाव पाहून पीक ठरवू नका. २०२५-२६ च्या खरिपाला साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये आणि नाचणीचा ४,८८६ रुपये. हा फरक दिसला की काही जण खाचरातलं भात बंद करून नाचणी लावायला निघतात. एकरी १६ क्विंटल भात आणि ६ क्विंटल नाचणी धरून बघा: ३७,९०४ आणि २९,३१६ रुपये. दुप्पट भाव असूनही नाचणी मागे. शिवाय भाव जाहीर झाला म्हणजे जवळच्या केंद्रावर नाचणी घेतातच असं नाही. रोपं टाकण्याआधीच चौकशी करा.

सगळ्यात महागात पडते ती जमिनीची चूक. खाचराचे बांध पाणी धरायला घातलेले असतात. तिथे नाचणी लावली आणि आठवडाभर झड लागली की रोपं पिवळी पडतात, मुळं कुजतात, फुटवे थांबतात. मग घाईने युरिया टाकला जातो, तो पाण्याबरोबर वाहून जातो, आणि दिवाळीत ऐकू येतं, ‘नाचणी परवडत नाही.’ बुडालेलं मूळ युरियाने उठत नाही. आधी बांध फोडून, चर काढून पाणी काढा. नाचणीची तुलना करायची ती वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवर. तिथे भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना पावसाने ओढ दिली की लोंब्या पोचट राहतात, नाचणी मात्र तग धरते. खाचराचं भात आणि वरकसाची नाचणी एका तागडीत घालू नका.

घरच्या माणसांचे, विशेषतः बायकांचे दिवस शून्य धरू नका. नाचणीची कणसं एकदम पिकत नाहीत. दोनदा खुडायची, वाळवायची, झोडायची, पाखडायची. प्रत्येक दिवस त्याच संध्याकाळी वहीत लिहा, हंगाम संपल्यावर आठवून नाही.

पेंढा आणि नाचणीचं काड, दोन्ही जमेत धरा.

घरून विकणार असाल तर नाचणी तांदळाशी ताडा, भाताशी नाही. १०० किलो भाताचे साधारण ६५ किलो तांदूळ होतात. नाचणीचं टरफल मळणीतच सुटतं. वरीला मात्र भरडाई लागते.

भरडधान्य म्हणजे आपोआप टिकाऊ शेती, हा समजही सोडा. डोंगरउतारावर वर-खाली नांगरून दरवर्षी नाचणीच घेतली तर माती ओढ्यात जाते. नांगरट आडवी करा, पुढच्या वर्षी तिथे उडीद किंवा कुळीथ घ्या. आणि कोकणातल्या पावसावरच्या भाताला पाणीखाऊ म्हणून हिणवू नका. पंपावरच्या उन्हाळी भाताचं वीजबिल मात्र हिशेबात धराच.