आधी पट्टी, मग सॉफ्टवेअर: छापील पान लावायला कसं शिकावं

डिझाइन शिकायला लागलं की पहिले काही महिने सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघण्यात जातात. टूल्स पाठ होतात, पण कोरं पान उघडलं की मार्जिन किती सोडायचं तेच सुचत नाही. मला लागू पडलेला उपाय साधा आहे: छापलेलं पान मोजायचं आणि तेच स्क्रीनवर पुन्हा लावायचं.

आधी नमुना निवडा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथल्या पातळ, स्वस्त पुस्तिका घ्या. गुळगुळीत कागदाच्या महागड्या पुस्तकांपेक्षा त्या जास्त शिकवतात. कागद वाचवायचा आणि मजकूर वाचताही आला पाहिजे, ही ओढाताण त्यांच्या पानापानात दिसते.

आता मिलिमीटरची पट्टी घ्या. चारही बाजूंचं मार्जिन मोजा. शिवणीकडचं वेगळं लिहून ठेवा. मग ओळींमधलं अंतर. एकाच ओळीचं मोजलं तर हमखास चुकतं, म्हणून एका शिरोरेषेपासून खालच्या दहाव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत मोजा आणि दहाने भागा. समजा ५६ मिमी भरलं, तर एका ओळीला ५.६ मिमी. छपाईत अक्षरं आणि ओळी पॉइंटमध्ये मोजतात. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिमी, म्हणजे लीडिंग (ओळींमधलं हेच अंतर) साधारण १६ पॉइंट. सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ लीडिंग सहसा अक्षराच्या १२० टक्के असतं, म्हणजे ११ पॉइंटला जेमतेम १३. रोमन लिपीला ते चालून जातं. आपल्याकडे वर वेलांटी-रफार, खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं. ती एकमेकांत अडकतात. देवनागरीत ऑटो बंदच ठेवा.

आता सॉफ्टवेअर. पानं लावायच्या इनडिझाइनचं भाडं परवडत नसेल तर त्याच कामाचं स्क्रायबस फुकट आहे, फक्त १.६ किंवा पुढची आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. इनडिझाइनमध्ये ओळी जुळवणारा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडा, नाहीतर तिथेही तेच. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता मोफत मिळतो, तिरो देवनागरी मराठीही. दुसऱ्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर फॉन्ट बदलताच अगम्य झाला, तर तो युनिकोडच्या आधीच्या, जुन्या एन्कोडिंगमधला (अक्षरं साठवायच्या पद्धतीतला) आहे. आधी युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि मग शब्दन् शब्द वाचा, कारण रफार आणि र्‍य तिथेच घसरतात.

मोजलेली मापं टाकून मास्टर पेज, म्हणजे सगळ्या पानांचा साचा, बनवा. मथळा, उपमथळा, मजकूर यांच्या पॅराग्राफ स्टाइल (फॉन्ट, आकार, अंतर यांचे ठरलेले संच) करा आणि नमुन्यातलं एक पान हुबेहूब लावा. प्रिंट काढून मूळ पानावर ठेवा आणि उजेडासमोर धरा. ओळींवर ओळी बसेपर्यंत पुढे जाऊ नका. कंटाळवाणं आहे, पण टूल्स इथेच हातात बसतात.

मग स्वतःची पुस्तिका. विषय घरचाच घ्या: नागपूरच्या मिरवणुकीतले पुतळे, काळी-पिवळी मारबत आणि बडगे. ए-५, आठ पानं, म्हणजे दोन ए-४ कागद दुमडून मध्ये पिन. आधी कागद दुमडून डमी करा आणि पानांना आकडे द्या. कागद उलगडलात की ८-१, २-७, ६-३, ४-५ अशा जोड्या दिसतील, प्रत्येकीची बेरीज ९. पानं वाढवायची तर चाराच्या पटीतच.

मुखपृष्ठावर मिरवणुकीचा फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल, तर चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, धरा. १४८ × २१० चं पान १५४ × २१६ होतं, आणि ३०० डीपीआयसाठी (इंचाला ३०० ठिपके) फोटो सुमारे १८१९ × २५५१ पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो तितका उरत नाही. मित्राला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईंचे, ठेवा. मजकुराचा काळा मात्र फक्त के १०० (नुसती काळी शाई, शंभर टक्के) हवा. चार शाईंचा केला आणि प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते.

छापखान्यात जाण्याआधी फोन करून कागद ठरवा. आत ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ग्रॅम वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, पुरतो, मुखपृष्ठाला १७० चा गुळगुळीत आर्ट पेपर बरा. पीडीएफ देताना फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच भरा, आणि पानं सुटी, क्रमाने द्या. जोड्या छापखानेवाले लावतात. सोबत डमीही द्या.